दुःखाच्या घरचं पाणी

कोणाकडे माणूस गेलं असेल तर त्या घरी कसं जायचं, कसं बसायचं आणि कसं निघायचं, हे सगळं मला कळतं असा माझा पन्नाशी उलटेपर्यंत समज होता. आमच्या यवतमाळच्या घरात या गोष्टी कोणी शिकवत नसे, बघून बघूनच अंगात मुरायच्या. समाचाराला रिकाम्या हाताने जायचं. तिथे पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. फार बोलायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. आणि निघताना 'येते' म्हणायचं नाही, कारण अशा कारणासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ कोणावर येऊ नये. गुपचूप उठायचं, चपला घालायच्या आणि मागे न बघता चालू लागायचं. एवढं शास्त्र मला पाठ होतं. त्या शास्त्राच्या जोरावर मी दोन बायकांच्या मधे जे करून ठेवलं, ते इथे लिहिते आहे.

दोघीही ब्रह्मदेशाच्या. आपल्याला त्या देशातलं मंडाले तेवढं ठाऊक, तेही शाळेच्या पुस्तकातल्या तुरुंगामुळे. माझी अक्कलही त्यापुढे फारशी गेली नव्हती.

पहिली माझी मैत्रीण. इथे परदेशात, मॉरिसव्हिलजवळच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी काम करते. शेजारच्या टेबलावर ती. रंगूनची, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला 'अमा' म्हणते. अमा म्हणजे त्यांच्याकडे ताई. ती बर्मी, म्हणजे त्या देशात ज्यांची संख्या जास्त, ज्यांची भाषा शाळेत आणि ज्यांची मुलं सैन्यात, त्या समाजातली.

दुसरी करेन. करेन हे डोंगरातले लोक. त्या सैन्याशी त्यांचं कित्येक दशकं वैर. ही बाई जळलेलं गाव सोडून थायलंडच्या सीमेवर छावणीत राहिली, सतरा वर्षं. मग चर्चच्या लोकांनी इकडे आणली. आठवडाभर एका हॉटेलात खोल्या साफ करते आणि चॅपल हिलच्या पलीकडे निर्वासितांनी मिळून केलेल्या शेतात तिचा एक तुकडा आहे, तिथे भाजी लावते. शनिवारच्या बाजारात पहिल्यांदा तिच्या टेबलावर लाल देठांचा ढीग दिसला, तेव्हा मी भर बाजारात "अंबाडी!" म्हणून ओरडले होते. वीस वर्षांत अंबाडी पाहिली नव्हती हो. आमच्याकडे अंबाडीत ज्वारीच्या कण्या घालतात आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी. तिच्याकडे सुकी कोळंबी आणि मिरच्या. हातवारे करकरून आम्ही एकमेकींना पाककृती सांगितल्या आणि त्या दिवसापासून माझ्या मुलीने तिचं नाव ठेवलं अंबाडी मावशी. मावशीला इंग्रजी थोडंच येतं. तिची मुलगी, तिशीची, नर्सिंग होममध्ये काम करणारी, आमची दुभाषी.

मी एकदा उत्साहाने लॅबमध्ये सांगितलं, "अगं, तुमच्या देशाची एक बाई भेटली!" मैत्रीण नळ्यांवर लेबलं चिकटवत होती. "करेन असेल," म्हणाली आणि पुढचं लेबल घेतलं. तो सूर मी ओळखायला हवा होता. महाराष्ट्रात वाढलेल्या मुलीला तो सूर नवा नसतो.

मग एका फेब्रुवारीत त्यांच्या सैन्याने सत्ता हिसकावली. मास्क लावलेले दिवस ते. डब्याच्या सुट्टीत मैत्रीण फोन टेबलावर उभा करून बसायची. रंगूनच्या गच्च्यांवर लोक पातेली बडवत होते. डॉक्टर दवाखाने सोडून रस्त्यावर आले होते. एकदा गल्लीवर दोऱ्या बांधून बायकांनी आपली लुंगीसारखी नेसायची वस्त्रं वाळत घातलेली दिसली. बाईच्या वस्त्राखालून गेलं तर पुरुषाचं तेज जातं, अशी तिकडे समजूत. म्हणून सैनिक गल्लीच्या तोंडाशी थबकलेले. मला हसूच फुटलं. आमच्याकडे परकर टॉवेलखाली झाकून मागच्या अंगणात वाळायचे. या असल्या नियमाचा बायकांना उपयोग झालेला मी तेवढा एकदाच पाहिला.

ती हसली नाही. त्या गल्लीत तिची भाची होती.

मैत्रिणीला मूलबाळ नाही. एकुलती एक बहीण गेली, तेव्हा ही भाची दहा वर्षांची. बाप व्यसनी. या मावशीने इथून, फोनवरून, तिला वाढवली. रोज सकाळी गाडी पार्क केली की आधी पंधरा मिनिटं तिच्याशी बोलणार, अभ्यास घेणार, रागावणार, मग आत येणार. माय मरो आणि मावशी जगो म्हणतात, ते मी पार्किंगमध्ये रोज बघत होते. मुलगी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला पोचली होती. सैन्य आल्यावर सगळ्यांबरोबर तिनेही कॉलेज सोडलं. रस्त्यावर उभी राहिली. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला गोळी लागली. मग एक दिवस ही पोरगी बसमध्ये बसून डोंगरात निघून गेली आणि सात आठवडे फोन नाही. त्या सात आठवड्यांत माझ्या मैत्रिणीचे केस पांढरे झाले, हे मी अलंकारिक बोलत नाही.

फोन आला तो करेन मुलखातून. मुलगी वाळली होती, पण हसत होती. गावाने शहरातून पळून आलेल्या पोरांना ठेवून घेतलं होतं. बांबूच्या दवाखान्यात ती जखमा बांधत होती. म्हणाली, "मावशी, इथे तांदूळ कमी आहे. हे लोक स्वतः पेज पितात आणि आम्हाला भात वाढतात. आपल्याला शाळेत यांच्याबद्दल काय काय शिकवलं होतं, आठवतं ना?"

हे सगळं मैत्रिणीने मला सांगितलं तेव्हा मशीन गरगरत होतं, म्हणून ती मोठ्याने बोलत होती. "अमा, आम्हाला शिकवलं होतं की ते दरोडेखोर. त्यांची गावं जळायची तेव्हा माझे वडील म्हणायचे, सैन्य आपलं रक्षण करतंय. आम्ही वाईट माणसं नव्हतो. आम्ही कधी विचारलंच नाही. आता तेच सैन्य आमच्या पोरांवर आलं, तेव्हा कळलं." मशीन थांबलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला त्यांच्यातल्या एका माणसाला दोन वाक्यं सांगायची आहेत. आमचं चुकलं. आणि माझ्या मुलीला जेवू घातलंत."

दोन वाक्यं. एवढंच मागणं होतं तिचं.

मी म्हटलं, अगं, एक माणूस तर माझ्या ओळखीचं आहे. पण तिचा धीर होईना. राली शहरात त्यांची निदर्शनं व्हायची, तिथे ती मला घेऊन गेली. सुरुवातीला फुटपाथच्या एका टोकाला बर्मी आणि दुसऱ्या टोकाला करेन आपला झेंडा घेऊन. मधे मोकळी जागा, आणि त्या जागेत मी, पाण्याच्या बाटल्या वाटत. पुढच्या महिन्यात जागा थोडी कमी झाली. उन्हाळ्यापर्यंत एकच रांग झाली होती, सैन्याच्या निषेधाची खूण म्हणून तीन बोटं वर करून सगळे एकाच घोषणेत ओरडत होते. अंबाडी मावशी रांगेत होती. मैत्रीण तिच्यापासून दहा माणसं सोडून उभी राहिली आणि तशीच घरी आली. "गर्दीत नको," म्हणाली. "हे गर्दीत बोलायचं नाही."

पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता मावशीच्या मुलीचा मला फोन आला. मामा गेला. मावशीचा धाकटा भाऊ, जो गाव सोडायला कधी तयार झाला नव्हता. वरून बॉम्ब पडले तेव्हा तो शहरातून आलेल्या पोरांसाठी भाताचं पातेलं चढवत होता. भाचीचं गाव निराळं होतं, पण मैत्रिणीने ऐकलं आणि म्हणाली, "आता मात्र मी जाणार." मग तिने मला विचारलं, "अमा, त्यांच्याकडे काय करतात? मी आयुष्यात करेन माणसाच्या घरात पाऊल टाकलेलं नाही."

म्हणजे बघा. तिच्याच देशातल्या माणसांच्या घरी कसं जायचं, हे ती यवतमाळच्या बाईला विचारत होती. त्यावर 'मला माहीत नाही, विचारून सांगते' हे उत्तर होतं. मावशीच्या मुलीला एक फोन. पण माझ्या जिभेला 'मला माहीत नाही' ही तीन अक्षरं कधी सापडलेली नाहीत, अक्षरं कसली, शब्द आहेत तीन... असू दे, मोजण्यातही मी घाई करते.

घरी मुलगी आली होती सुट्टीला. ती म्हणाली, "आई, जस्ट कॉल अँड आस्क देम."

नवऱ्यानेही पेपरमधून डोकं वर काढलं. "अगं, तू गाइड म्हणून कशाला मिरवतेस? एक फोन कर ना यार, दोन मिनिटांचं काम."

"अशा गोष्टी फोन करून विचारतात का?" मी कडाडले. "भाऊ गेलाय तिचा. दुःख सगळीकडे सारखंच असतं."

दुःख सारखंच असेल. त्याच्या घरात शिरायची रीत सारखी नसते, हे मला कोण सांगणार? सांगितलं तरी मी ऐकणार थोडीच.

शनिवारी दुपारी मैत्रिणीला घ्यायला गेले, तर ती मोठा डबा घेऊन उभी. नारळाच्या दुधातला चिकट भात, पहाटे उठून केलेला. मी म्हटलं, "हे काय? रिकाम्या हाताने जायचं असतं." तो डबा मी तिच्या हातून काढून मागच्या सीटवर ठेवला. वाटेत बाकीचे नियम सांगितले. पाणीसुद्धा घ्यायचं नाही, त्या घराला त्रास द्यायचा नाही. बोलायचं नाही, नुसतं बसायचं. निघताना निरोप घ्यायचा नाही. ती परीक्षेला निघाल्यासारखी एकेक नियम मनात म्हणत होती. "पण ती दोन वाक्यं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "ती नंतर. अशा दिवशी काही ऐकवायचं नसतं."

मावशीच्या अपार्टमेंटच्या दारात चपलांचा ढीग होता. आत चटया अंथरलेल्या, माणसं दाटीने बसलेली, हळू आवाजात प्रार्थनेची गाणी चाललेली. भिंतीला टेकवून भावाचा फोटो, चौकटीचा शर्ट घातलेला. आणि स्वयंपाकघरात हे एवढं भाताचं पातेलं. जो येत होता त्याला ताट मिळत होतं आणि जो तो जेवत होता. देवाने मला दोन डोळे दिले आहेत. समोर पन्नास माणसं दुःखाच्या घरी जेवताना दिसत होती. पण शास्त्र पाठ असलं की डोळे कशाला लागतात?

मावशी स्वतः दोन ग्लास पाणी घेऊन आली. मी हात जोडले आणि मान हलवली. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी दटावलं. तिनेही हात जोडले, मान हलवली. मावशी क्षणभर तशीच उभी राहिली आणि ग्लास परत घेऊन गेली. मग ताटं आली. तीही आम्ही परत पाठवली. अर्धा तास बसलो. मैत्रिणीचे ओठ दोनदा हलले आणि दोन्ही वेळा मी तिचा हात दाबला. मग मी तिला खुणावलं, आम्ही उठलो आणि कोणाकडे न बघता बाहेर पडलो.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "छान झालं." मी खरंच तसं म्हटलं.

मागच्या सीटवर डबा तसाच होता. मैत्रीण हायवेभर खिडकीकडे तोंड करून रडत होती.

पुढच्या शनिवारी बाजारात गेले तर मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज नाही." अंबाडीच्या जुड्या तिच्या समोर रचलेल्या होत्या. मला वाटलं, ऐकण्यात काही घोटाळा झाला. मी हात पुढे केला, तिने जुडी उचलून मागे ठेवली. तिच्या मुलीने मला टेबलामागे झाडाखाली नेलं.

"तुमच्याबद्दल आई काही म्हणाली नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही बाहेरच्या. पण ती बर्मी बाई कशाला आली होती? हातात काही नाही. तोंडातून शब्द नाही. आमचं पाणी घेतलं नाही, अन्न घेतलं नाही. जाते म्हणून सांगितलं नाही. आईच्या लहानपणी सैनिक गावात आले की आमच्या विहिरीचं पाणी आधी आम्हाला प्यायला लावायचे, विष असेल म्हणून. आई म्हणाली, ही त्यांच्यातलीच. आम्ही कसे रडतो ते बघायला आली."

कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

पाणी न घेण्याचा अर्थ मराठी माणसाला कोणी शिकवायला नको. यवतमाळला आमच्या मागच्या दाराशी एक बाई अंबाडीची पाटी घेऊन यायची. उन्हातून चालत आलेली असायची, पाणी मागायची. आई तांब्या घेऊन पायरीवर उभी राहायची आणि उंचावरून पाणी सोडायची, बाई ओंजळीने प्यायची. तांब्या तिच्या हातात कधी दिला गेला नाही. मी दाराशी उभी राहून बघायची. मला ते छान वाटायचं, पाण्याची धार आणि तिच्या कोपरांवरून ओघळणारे थेंब. आई काही वाईट बाई नव्हती. हे वाक्य मी मैत्रिणीच्या तोंडून ऐकलं होतं, तिच्या वडिलांबद्दल. पाण्याने माणसाला काय करता येतं, हे मी पाचव्या वर्षी पायरीवरून बघितलं होतं, आणि तरी त्या घरात ग्लास परत पाठवताना मला त्यातलं काही आठवलं नाही.

मी तिथेच, झाडाखाली, सगळं सांगितलं. हे आमच्याकडचे नियम, माझे, तिचे नव्हेत. तिने डबा आणला होता, मी गाडीत ठेवायला लावला. तिला बोलायचं होतं, मी हात दाबला. आमच्याकडे हा मान असतो, शोकातल्या घराचा मान. मुलगी आईजवळ जाऊन बराच वेळ बोलली. मावशी ऐकत होती आणि गिऱ्हाइकांना भेंडी देत होती. शेवटी तिने एक जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली. मी विचारलं, मग तिला एकदा घेऊन येऊ? मावशीने मान हलवली. नाही. मुलगी म्हणाली, "आई म्हणते, समजलं. पण आता घरात नको."

लॅबमध्ये सोमवारी मी मैत्रिणीला सांगितलं. तिने हातमोजे काढले, बाहेर गेली, परत आली, नवे हातमोजे घातले. नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. दहाव्या दिवशी म्हणाली, "अमा, तुझी चूक नाही. मी त्यांना विचारायला हवं होतं. मी तुला विचारलं." तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी झोपले असते.

त्यानंतर वर्ष गेलं आणि वर आणखी काही महिने. मी मधे मधे फोन करत राहिले, मावशी शेतावर असायची किंवा कामावर. अंबाडी मिळायची, पण पूर्वीसारखं हसणं नाही. निदर्शनांना माणसं कमी होत गेली. जगाचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. पार्किंगमधले फोन मात्र चालू होते, सिग्नल मिळेल तसे. भाची आता शस्त्रक्रियेत मदत करायची. मैत्रिणीने तिथलं जास्त काही विचारलं की हसून टाळायची.

आणि एका नोव्हेंबरात मैत्रीण सकाळी गाडीतून उतरलीच नाही. मी आत तिची वाट बघितली, मग बाहेर गेले. ती स्टिअरिंगला धरून बसली होती. फोन मांडीवर. भाचीबरोबरच्या कोणीतरी चार ओळी पाठवल्या होत्या. दवाखान्यावरच पडला होता बॉम्ब. पेशंट सोडून बाहेर पडायला ती तयार नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. मी दार उघडलं आणि डांबरी जमिनीवर तिच्या पायाशी बसले. दुसरं काय करणार?

या खेपेला मी विचारलं. तिलाच विचारलं, तुमच्याकडे काय करतात? तिने सांगितलं, सातव्या दिवशी भिक्षूंना आणि येईल त्या प्रत्येकाला जेवू घालायचं, आणि पुण्य गेलेल्याच्या वाट्याला द्यायचं. मी सातही दिवस तिच्याकडे जात राहिले. तांदूळ निवडले, कांदे चिरले. मावशीच्या मुलीला फोन करून एवढंच कळवलं की मैत्रिणीची ती भाची गेली. या असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

सातव्या दिवशी घर भरलं होतं. भिक्षू जेवून गेले होते, लोक जेवत होते, आणि दारात अंबाडी मावशी उभी राहिली. मागे तिची मुलगी. मावशी चांगलं विणलेलं लाल वस्त्र नेसली होती, प्रार्थनेला नेसतात तसं. हात रिकामे. मैत्रिणीने तिला बघितलं आणि तिच्या हातातली पळी तशीच पातेल्यात राहिली. मग तिने ग्लास भरला, दोन्ही हातांत धरला आणि वाकून मावशीसमोर नेला.

मावशीने हात जोडले आणि मान हलवली.

ती एका कोपऱ्यात चटईवर बसली. ताट आलं, परत पाठवलं. भाचीच्या फोटोकडे बघत बसली. अर्ध्या तासाने उठली आणि कोणाकडे न बघता बाहेर निघून गेली. मैत्रीण स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभी होती. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "बरोबरच आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी अनवाणी पार्किंगमध्ये धावले. मावशी गाडीचं दार उघडत होती. मी मराठीत ओरडले की इंग्रजीत, मला आठवत नाही. "तिची पोर गेली आहे! चूक माझी होती, मी सांगितलं होतं ना तुम्हाला! आजच उट्टं काढायचं होतं?"

मावशी घाबरून मुलीकडे बघायला लागली. दोघी आपापसात बोलल्या. मग मुलगी माझ्याकडे वळली. ती रडत होती.

"आई विचारते, तिचं काय चुकलं? तुम्हीच सांगितलं होतं ना, असा मान देतात. रिकाम्या हाताने यायचं, पाणी घ्यायचं नाही, बोलायचं नाही, न सांगता निघायचं. त्या बाईने आईला असा मान दिला होता आणि आईला तेव्हा कळला नव्हता. म्हणून आईने आज तिला तसाच दिला. वाटेत सगळं पाठ करत आली. आई विचारते, काही राहिलं का?"

उघड्या दारातून मागची सीट दिसत होती. तिच्यावर कागदी पिशवी होती, आणि पिशवीतून लाल देठ बाहेर आलेले. नोव्हेंबरच्या थंडीत शेत करपायच्या आधी तोडलेली शेवटची अंबाडी. आणून गाडीत ठेवली होती, माझ्या शास्त्राप्रमाणे.

मी ती पिशवी एका हातात घेतली, दुसऱ्या हातात मावशीचा हात धरला आणि तिला ओढतच आत नेलं. मैत्रीण अजून भिंतीकडे तोंड करून होती. ओट्यावर तो ग्लास तसाच भरलेला होता. मी मावशीकडे बघून म्हटलं, "प्या. हे पाणी प्यायचं. माझं सगळं विसरा." मावशीने ग्लास उचलला आणि मैत्रिणीच्या समोर उभं राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

मग ती दोन वाक्यं झाली. बर्मी भाषेत झाली, मला कळली नाहीत, पण दोनच होती हे मी मोजलं. मावशीला ती भाषा येत होती. सैनिकांची भाषा म्हणून कित्येक वर्षं तिने तोंडातून काढली नव्हती, हे मला मुलीने नंतर सांगितलं. तिने त्याच भाषेत एक छोटा प्रश्न विचारला. मैत्रिणीने मान डोलावली आणि काहीतरी म्हणाली. मावशीने तिला खाली बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि अंबाडी निवडायला घेतली.

मावशीने काय विचारलं, हे मैत्रिणीने मला काही दिवसांनी लॅबमध्ये सांगितलं. तिने विचारलं होतं, तुझ्या मुलीला शेवटपर्यंत भात मिळत होता ना?

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मिळत होता. तुमच्या लोकांनी कमी पडू दिला नाही."

त्या दिवशी मी दुःखाच्या घरी जेवले. कोळंबी घातलेली आंबट अंबाडी, भात, वर दोन ग्लास पाणी. आणि निघताना दारात उभी राहून मराठीत, मोठ्याने, "येते" म्हणाले. कोणाला अर्थ कळला नाही. माझी आई तिथे असती तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला असता.

तिचा हात हवा होता, असं आता कधी कधी वाटतं. तेव्हापासून त्याच कारणासाठी मला मावशीच्या घरी दोनदा आणि मैत्रिणीच्या घरी एकदा जावं लागलं आहे. तिकडचं अजून थांबलेलं नाही. मी डबा घेऊन जाते, चटईवर बसते, समोर येईल ते पाणी पिते. निघताना दोघी दारापर्यंत येतात आणि थांबून राहतात. त्यांना वाटतं, तो शब्द आमच्याकडे दुःखाच्या घरी म्हणायचा असतो. मग मी म्हणते.